ऋण सोडणं: ख्रिस्ती क्षमेची पार्श्वभूमी

मराठीत कर्जही माफ होतं आणि अपराधही. येशूच्या अरामी बोलीतही ‘होबा’ हा एकच शब्द कर्ज आणि पाप या दोन्हींसाठी होता. म्हणून येशूने शिकवलेल्या प्रभूच्या प्रार्थनेत शुभवर्तमान लिहिणारा मत्तय ‘ऋणं सोड’ म्हणतो, तर दुसरा शुभवर्तमानकार लूक ‘पापांची क्षमा कर’ म्हणतो. कर्ज सोडायचं तर ते आहे हे आधी मान्य करावं लागतं, आणि सोडणाऱ्याच्याच पदराला खार लागते. ख्रिस्ती क्षमेचं मूळ मला या हिशेबात दिसतं.

त्याआधीचा हिशेब सूडाचा. बायबलमधल्या उत्पत्तीच्या पुस्तकात, भावाचा खून करणाऱ्या काइनाचा वंशज लामेख बायकांपुढे फुशारकी मारतो: काइनाचा सूड सातपट, तर माझा सत्त्याहत्तरपट. मोशेच्या नियमशास्त्रातलं ‘डोळ्याबद्दल डोळा’ आज क्रूर वाटतं, पण तो सूडाला घातलेला बांध होता. एका डोळ्यापायी अख्खं घराणं संपवायचं नाही! पुढे येशूचा शिष्य पेत्र विचारतो, भावाला सात वेळा क्षमा करू का? ‘साताच्या सत्तर वेळा’ हे येशूचं उत्तर लामेखाचे आकडे उलटे फिरवतं.

लागूनच येशू सांगतो ती बोधकथा पैशांचीच आहे. दीनार म्हणजे मजुराची एका दिवसाची मजुरी आणि तालांत म्हणजे साधारण ६,००० दीनार. राजा चाकराला १०,००० तालांत सोडतो, म्हणजे सहा कोटी दिवसांची मजुरी. तोच चाकर बाहेर पडताच १०० दीनारांसाठी सोबत्याची नरडी धरतो. मी दर वेळी या १०० दीनारांपाशी थांबते. ती तीन महिन्यांहून जास्त कमाई होती, किरकोळ रक्कम नव्हती. आपलं जे बुडालं ते खरंच बुडालं होतं, हे येशू नाकारत नाही.

मंडळीची, म्हणजे चर्चची, खरी कसोटी लागली इ. स. २५० मध्ये. रोमन सम्राट डेशियसने सगळ्यांना देवांपुढे बळी अर्पण करून दाखला घ्यायला लावलं. इजिप्तच्या वाळूत असे काही दाखले सापडले आहेत. अर्जदार लिहितो की मी नेहमीच देवांना भजत आलो, आता तुमच्यासमोर बळीचं मांस चाखलं, तरी सही करावी. कित्येक ख्रिस्ती लोकांनी भीतीपोटी बळी दिला, काहींनी पैसे चारून नुसता कागद मिळवला. छळ ओसरल्यावर हे लोक परत दाराशी आले, आणि आत तर तुरुंग भोगून आलेले बसलेले!

रोममध्ये नोव्हेशियनने दार बंदच ठेवायचं म्हटलं आणि वेगळी मंडळी काढली. उत्तर आफ्रिकेतल्या कार्थेजचा बिशप सिप्रियन छळाच्या काळात स्वतः लपून राहिला होता. २५१ च्या सभेत त्याने आणि इतर बिशपांनी मधला मार्ग धरला: नुसता कागद घेतलेल्यांना चौकशी करून परत घ्यायचं, बळी दिलेल्यांनी दीर्घ प्रायश्चित्त करायचं. पण थोड्याच काळात नव्या छळाची चिन्हं दिसू लागली, तेव्हा प्रायश्चित्त करत असलेल्या या लोकांनाही त्यांनी प्रभुभोजनाला, म्हणजे भाकर आणि द्राक्षारसाच्या पवित्र विधीला, बसवलं. ज्यांना लढायला पाठवायचं, त्यांना निःशस्त्र कसं पाठवणार, असं त्यांचं म्हणणं होतं.