मनमाडचं मीटर गेज आणि तैवानची निळी गाडी

मनमाड जंक्शनवर एके काळी दोन रुंदीचे रूळ एकत्र यायचे. मुंबई-नाशिककडून येणारा ब्रॉड गेज १६७६ मिलिमीटरचा, तर तेव्हाच्या औरंगाबादकडे जाणारा निजामाच्या काळातला मीटर गेज १००० मिलिमीटरचा. प्रवाशांनी सामान उचलायचं आणि गाडी बदलायची. नव्वदच्या दशकात गेज परिवर्तन झालं आणि ती दगदग संपली. पण वेगवेगळ्या गेजचे डबे बांधण्याची, सांभाळण्याची सवय पुढे परदेशांना डबे विकताना भारतीय रेल्वेच्या फार उपयोगी पडली, असं मला वाटतं. थायलंड, व्हिएतनाम, टांझानियाचे जुने रूळ मुख्यतः मीटर गेजचे, श्रीलंकेचे ब्रॉड गेजचे आणि बांगलादेशात दोन्ही.

परदेशी गेलेले हे डबे घडले मद्रासच्या पेरांबूरला. स्वित्झर्लंडमधल्या श्लीरेनच्या कंपनीचं तंत्र घेऊन उभ्या राहिलेल्या इंटिग्रल कोच फॅक्टरीचं उद्घाटन पंडित नेहरूंनी २ ऑक्टोबर १९५५ रोजी केलं. सांगाडा, भिंती आणि छप्पर असं सगळं पोलादी, एकसंध वेल्ड केलेलं. टक्कर झालीच तर डब्याची टोकं आधी चेपतात आणि मधली माणसं वाचण्याची शक्यता वाढते. जुन्या लाकडी डब्यांत ही सोय नव्हती.

स्वस्ताई मात्र वेगळ्याच गोष्टींत होती. एसी नाही, छताला पंखे, उघडता येणाऱ्या खिडक्या, स्प्रिंगची साधी बोगी, म्हणजे डब्याखालचा चाकांचा सांगाडा. दिव्या-पंख्यांची वीज डब्याखालीच तयार होते: चाकाच्या आसावरून पट्टा, पट्ट्यावर जनरेटर, जोडीला बॅटऱ्या. पुढे इंजिन कुठलंही लावा, अडत नाही. ज्या देशात इंजिनं दहा ठिकाणची आणि कारखाने मोजके, तिथे याची किंमत कळते.

१९६७ मध्ये थायलंडला बोगी गेल्या. १९७१ च्या सुमारास तैवानला अख्खे डबे गेले, तेही १०६७ मिलिमीटरच्या, म्हणजे आपल्याकडे नसलेल्या गेजसाठी. तैवानच्या दक्षिणेकडच्या मार्गावर हे निळे, पंख्यांचे डबे २०२० पर्यंत रोजच्या पॅसेंजर गाडीत धावत होते. पन्नास वर्षं! पुढे तिथे पर्यटकांसाठी निळी गाडी सुरू झाली. आपल्या कामगारांच्या कामाला मिळालेली ही पावती मला मोठी वाटते.

पुढे झांबिया, युगांडा, नायजेरिया, फिलिपिन्स अशी गिऱ्हाइकं वाढली. १९७४ मध्ये स्थापन झालेल्या राइट्स या रेल्वेच्या सरकारी कंपनीकडे निर्यातीचं काम आलं.

मग डबाच बदलला. जर्मन तंत्राचे एलएचबी डबे आले आणि पेरांबूरने जुन्या बांधणीचा शेवटचा डबा जानेवारी २०१८ मध्ये बाहेर काढला. त्याआधीच कपूरथळ्याच्या कारखान्यातून १२० एलएचबी डबे बांगलादेशला निघाले होते, भारताने दिलेल्या कर्जातून. हे डबे जास्त वेगवान आणि सुरक्षित आहेत, यात वाद नाही. पण त्यांना वीज जनरेटर डब्यातून किंवा इंजिनातून लागते, आणि निगा राखायला अधिक तयारीचे हात लागतात. नाशिक रोडच्या कर्षण मशीन कारखान्यात विजेच्या इंजिनांच्या मोटारी दुरुस्त होतात. असे कारखाने उभे करणं गरीब देशांना सहज जमत नाही. म्हणून निर्यातीच्या करारात डब्यांइतकंच सुट्या भागांना आणि तिथल्या कामगारांच्या प्रशिक्षणाला वजन हवं.