जनमत कौल (गोवा)

गोवा महाराष्ट्रात विलीन व्हावा की संघप्रदेशच (केंद्रशासित प्रदेश) राहावा, हे ठरवण्यासाठी १६ जानेवारी १९६७ रोजी झालेले मतदान. ‘कौल’ हा शब्द गोमंतकीयांना देवळातून ओळखीचा : देवाला पाकळ्या लावायच्या आणि कुठली पडते ते पाहायचे.

भारतीय राज्यघटनेत सार्वमताची तरतूद नाही. नवी राज्ये करणे, सीमा बदलणे हे अनुच्छेद ३ नुसार संसदेचे काम. म्हणून संसदेने १९६६ मध्ये खास कायदा केला. मतदान निःपक्ष व्हावे यासाठी मुख्यमंत्री दयानंद बांदोडकरांच्या, विलीनीकरणवादी महाराष्ट्रवादी गोमंतक पक्षाच्या (मगो) सरकारने राजीनामा दिला. विलीनीकरणाची खूण फूल होती, संघप्रदेशाची दोन पाने. दोन पानांच्या बाजूने जॅक सिक्वेरा यांचा युनायटेड गोवन्स पक्ष उभा होता. याच संघप्रदेशातल्या दमण-दीवमध्ये प्रश्न गुजरातेत विलीन होण्याचा होता.

संघप्रदेशाला १,७२,१९१ मते पडली, विलीनीकरणाला १,३८,१७०. फरक ३४,०२१ मतांचा. या आकड्यांवरून ‘हिंदू विरुद्ध ख्रिस्ती’ असा सरळ निष्कर्ष काढतात, तो टिकत नाही. मतदान गुप्त होते आणि गोव्यात हिंदू बहुसंख्य. त्यांच्यातल्या अनेकांच्या मतांशिवाय दोन पाने जिंकलीच नसती. लोकांपुढचे प्रश्न रोजच्या जगण्याचे होते. भाटकाराच्या (जमीनदाराच्या) जमिनीत राबणाऱ्या कुळाला महाराष्ट्रातले कूळकायदे आपल्याकडे यावेत असे वाटे. माडावर चढून सूर (माडी) काढणाऱ्या रेंदेराला मात्र तिथल्या दारूबंदीची धास्ती होती. सरकारी नोकराला बढतीची काळजी. मार्च १९६७ च्या निवडणुकीत याच मतदारांनी मगोला पुन्हा सत्तेवर बसवले. बांदोडकर हवेत, विलीनीकरण नको, असे म्हणणारे मतदार होते आणि त्यांच्या विचारात काहीच विसंगती नव्हती. राज्यशास्त्राच्या अभ्यासकाने खरे तर इथेच थांबून पाहावे : पक्षाला दिलेले मत म्हणजे त्याच्या प्रत्येक मागणीला दिलेली संमती नव्हे.

मराठी वाचकांनी विसरू नये अशी एक गोष्ट म्हणजे हा वाद बराचसा मराठीतच लढला गेला. ‘गोमन्तक’ दैनिक विलीनीकरणाच्या बाजूचे, ‘राष्ट्रमत’ विरोधातले, आणि दोन्ही मराठी. ‘राष्ट्रमत’मधले उदय भेंब्रे यांचे ‘ब्रह्मास्त्र’ हे सदर तेव्हा फार गाजले. विलीनीकरण नाकारणे म्हणजे मराठी नाकारणे नव्हते. भाषेचा प्रश्न पुढे वीस वर्षे धुमसत राहिला. १९८७ च्या राजभाषा कायद्याने कोकणी राजभाषा झाली आणि शासकीय कामकाजात मराठीच्या वापरालाही जागा मिळाली. त्याच वर्षी ३० मे रोजी गोवा घटकराज्य झाले.