रोलर कोस्टर बंद झाला म्हणजे कुणीतरी गेलंच असं नाही

वर्षानुवर्षं एक फॉरवर्ड फिरतोय, की रोलर कोस्टर कायमचा बंद केला म्हणजे तिथे नक्की कुणीतरी गेलं असणार. तसं वाटणं साहजिक आहे, अपघातानंतर राइड बंद झाल्यात कधीकधी. पण अमेरिकेत ओहायोतल्या सीडर पॉइंट या मनोरंजन पार्कमधला मीन स्ट्रीक बघा, १९९१ चा लाकडी कोस्टर, धक्के इतके की लोक वैतागायचे आणि लाकूड म्हटलं की डागडुजी संपतच नाही, शेवटी २०१६ ला बंद केला. मग पाडला? छे, त्याच लाकडी सांगाड्याचा बराच भाग ठेवून वर स्टीलचा ट्रॅक टाकला आणि २०१८ ला स्टील व्हेन्जन्स सुरू! तिथल्याच मँटिस नावाच्या कोस्टरमध्ये तर उभं राहून फिरायचे, २०१५ ला ट्रॅक तोच, सीट बदलल्या, नाव रूगारू. तपासायचं तर बंद झाल्याचं साल शोधा, मग त्या जागेवर पुढे काय आलं ते बघा, जुने-नवे फोटो शेजारी ठेवले की सांगाडा लगेच ओळखू येतो.