अक्सुमचे सोन्याचे नाणे युरोपात आणताना: परवाना की निवेदन?

युरोपीय संघात राहून जुनी नाणी जमवणाऱ्यांना अक्सुमच्या (आजच्या इथिओपिया-एरिट्रियातले प्राचीन राज्य) राजांची सोन्याची नाणी लंडन किंवा अमेरिकेतून मागवता येतात. पण २८ जून २०२५ पासून संघाबाहेरून येणाऱ्या अशा वस्तूंना सांस्कृतिक वस्तूंच्या आयातीवरचा २०१९/८८० हा नियम पूर्णपणे लागू झाला आहे. त्यामुळे पैसे भरण्याआधी नाणे कोणत्या खणात बसते ते पाहा.

– २०० वर्षांपेक्षा जुने आणि एका नगाची किंमत १८,००० युरो किंवा जास्त: आयातदाराचे निवेदन.
– उत्खननातून किंवा जमिनीत सापडलेले, २५० वर्षांपेक्षा जुने: आयात परवाना, किंमत कितीही असो.
– दोन्हींत न बसणारे: अर्ज नाही. मात्र मूळ देशातून बेकायदा बाहेर काढलेली वस्तू आणायला तरीही बंदीच आहे.

अक्सुमी सोन्याची बहुतेक नाणी १८,००० युरोंच्या बरीच खाली विकली जातात, म्हणून लोक निर्धास्त होतात. पण विक्रेत्याने वर्णनात ‘सापडलेल्या साठ्यातून’ असे लिहिले असेल, तर अधिकारी ते थेट दुसऱ्या खणात टाकू शकतो.

मूळ देशाच्या रकान्यात डोळे झाकून ‘इथिओपिया’ लिहू नका. अदुलिस हे अक्सुमचे बंदर आज एरिट्रियात आहे. सोन्याच्या नाण्यांवरचा लेख बहुतेक ग्रीकमध्ये असतो (राजा वाझेबाचा गीझ या स्थानिक भाषेतला लेख हा अपवाद), कारण ती समुद्रापलीकडच्या व्यापारासाठी होती. येमेनमधल्या अल-मधारिबा इथे १९७७ मध्ये मिळालेल्या साठ्यात ८६८ अक्सुमी नाणी होती. म्हणजे नाणे पाडले एका देशात आणि सापडले दुसऱ्याच देशात, असे सहज होते. मूळ देश खात्रीने ठरत नसेल, किंवा वस्तू तिथून २४ एप्रिल १९७२ पूर्वी बाहेर पडली असेल, तर ती ज्या देशात शेवटची सलग पाच वर्षांहून जास्त होती, तिथून कायदेशीर बाहेर आल्याचा पुरावा चालतो. १९७७ च्या साठ्यातल्या नाण्याला तारखेची ही सवलत अर्थातच मिळत नाही.

वर्णन नेमके द्या: धातू, वजन ग्रॅममध्ये दोन दशांश स्थळांपर्यंत, व्यास, दोन्ही बाजूंचे फोटो आणि लेख. सुरुवातीचा राजा एन्दुबिस याच्या नाण्यावर एका बाजूला ‘एन्दुबिस बासिलेउस’ (राजा एन्दुबिस), तर दुसरीकडे ‘अक्सोमितो बिसि दाखु’ (अक्सुमचा, दाखु कुळातला) असे वाचता येते. अक्षर झिजले असेल तर तसे नोंदवा, पुस्तकात पाहून भरू नका. सुरुवातीची नाणी २.७ ग्रॅमच्या आसपास, नंतरची १.६ च्या. राजा एझानाच्या काळात वरची चंद्रकोर जाऊन क्रॉस आला. तेव्हा त्याच्या बऱ्याच नंतरच्या कालेब राजाच्या नावाचे, चंद्रकोर असलेले, २.७ ग्रॅमचे नाणे समोर आले तर अर्ज बाजूला ठेवा, नाणे खोटे असण्याचीच शक्यता जास्त.

अर्ज युरोपीय संघाच्या ट्रेसेस या ऑनलाइन प्रणालीत होतो. त्यासाठी सीमाशुल्क खात्याकडून मिळणारा ईओआरआय क्रमांक (आयात-निर्यात करणाऱ्याचा ओळख क्रमांक) आधी काढावा लागतो. पुराव्यासाठी निर्यात परवाना किंवा प्रमाणपत्र, जुनी बिले, लिलावाच्या जुन्या सूचीतले पान, विमा आणि वाहतुकीचे कागद गोळा करा. निवेदनात तुम्ही सही करून कायदेशीर निर्यातीची हमी देता. पुरावे स्वतःजवळ ठेवायचे आणि मागितले की दाखवायचे. परवान्याच्या अर्जात मात्र ते सोबत जोडावे लागतात. त्रुटी असल्यास २१ दिवसांत विचारणा होते आणि अर्ज पूर्ण झाल्यापासून ९० दिवसांत निर्णय लागतो. तोवर नाणे विक्रेत्याकडेच राहू द्या. कुरियरने नुसते ‘सोन्याचे नाणे’ लिहिले तर माल सीमाशुल्काच्या यादीत ७११८ (साधी नाणी) या शीर्षकाखाली जातो. शंभर वर्षांवरील संग्राह्य नाण्यांचे शीर्षक ९७०५.३१ आहे, ते इन्व्हॉईसवर आधीच लिहून घ्या.

पुण्या-मुंबईच्या घरातले नाणे मुलाकडे जर्मनीला पाठवायचे असेल तर मार्ग बंद आहे. १९७२ च्या पुरावशेष कायद्यानुसार शंभर वर्षांहून जुने नाणे खासगी व्यक्तीला भारताबाहेर नेता येत नाही, मग ते पाडलेले कुठलेही असो. त्यामुळे ‘भारतातून कायदेशीर निर्यात’ हा कागद मिळणारच नाही.