गरिबाचे ताट आणि ‘निवडी’चा गैरसमज

गरीब माणूस निकस खातो तो अज्ञानामुळे किंवा जिभेच्या लाडांमुळे, आणि त्याला आहाराचे धडे दिले की प्रश्न सुटेल, हा समज फार जुना आहे. तो चुकीचा आहे. संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेसह पाच संस्थांच्या 2024 च्या अहवालानुसार 2022 मध्ये जगातील 280 कोटींहून अधिक लोकांना सकस आहार परवडत नव्हता. परवडत नसलेल्या गोष्टीला ‘नाकारली’ म्हणणे हा शब्दांचा गैरवापरच होय.

तितक्याच पैशांत तेल, साखर आणि मैद्याच्या पदार्थांतून फळे-भाज्यांपेक्षा कितीतरी अधिक उष्मांक मिळतात, ते लवकर नासत नाहीत आणि त्यांना इंधन व वेळही कमी लागतो. शिवाय मुलाने नवी भाजी ताटात टाकून दिली, तर सुस्थितीतल्या घरात ती किरकोळ नासाडी ठरते, पण हातावर पोट असलेल्या आईला तो एका जेवणाचा तोटा असतो. म्हणून मुले हमखास खातील तेच ती आणते, आणि हा हिशेब (उपदेशकांना तो क्वचितच दिसतो) पूर्णपणे शहाणपणाचा असतो.

आहारशिक्षण निरुपयोगी नाही. मात्र उत्पन्न, किंमत आणि वेळ यांत बदल न होता त्याचा परिणाम तोकडाच राहतो.