सोनोग्राफीची पाटी आणि गर्भपाताच्या गोळ्या

‘गर्भलिंगनिदान करणे कायद्याने गुन्हा आहे’ ही सोनोग्राफी सेंटरमधली पाटी सगळ्यांना पाठ आहे. ती गर्भलिंगनिदानाला बंदी घालणाऱ्या पीसीपीएनडीटी कायद्याची, 1994च्या. तिच्याबद्दल नव्याने सांगण्यासारखं काही नाही. पण तीच पाटी वाचून ‘आपल्याकडे गर्भपाताला बंदी आहे’ असं सुशिक्षित माणसंही बिनदिक्कत सांगतात, आणि त्यात मेडिकलवाले असले की अडचण बाईची होते.

गर्भपाताचा कायदा वेगळा: एमटीपी (मेडिकल टर्मिनेशन ऑफ प्रेग्नन्सी), 1971चा. तो पाळून गर्भपात करणाऱ्या डॉक्टरला फौजदारी कायद्यातलं गर्भपाताचं कलम लागत नाही. 2021च्या दुरुस्तीनंतर 20 आठवड्यांपर्यंत एका डॉक्टरचं मत पुरतं, ठरावीक गटांतल्या स्त्रियांसाठी 24 आठवड्यांपर्यंत दोघांचं. सज्ञान बाईची फक्त स्वतःची संमती लागते. नवऱ्याची सही मागणारे दवाखाने मनाची अट घालतात, आणि मला याचा फार राग येतो.

खरा घोळ गोळ्यांपाशी आहे. मिफेप्रिस्टोनची एक आणि मिसोप्रोस्टॉलच्या चार गोळ्यांचं पाकीट 9 आठवड्यांपर्यंत, म्हणजे 63 दिवसांपर्यंतच्या गर्भासाठी असतं. सोनोग्राफीत मुलगा की मुलगी हे कळायला लागतं साधारण बाराव्या आठवड्यानंतर. म्हणजे पाकिटाची मुदत संपते तेव्हा त्या यंत्रावर लिंग दिसतही नसतं. मग या पाकिटावर पाळत ठेवून मुली कशा वाचणार? तरी 2012 मध्ये बीड जिल्ह्यातल्या परळीचं, लिंग बघून केलेल्या बेकायदा गर्भपातांचं प्रकरण गाजल्यावर महाराष्ट्रात औषध दुकानांच्या तपासण्या वाढल्या आणि पुष्कळ दुकानदारांनी ‘नको ती कटकट’ म्हणून हे पाकीट ठेवणंच सोडलं. त्यातलं मिसोप्रोस्टॉल बाळंतपणानंतरचा रक्तस्राव थांबवायलाही वापरतात, हे तेव्हा कोणी लक्षात घेतलं नाही.

दुकानदाराला सांभाळायची ती डॉक्टरची चिठ्ठी आणि विक्रीची नोंद. चिठ्ठीशिवाय गोळ्या विकल्या तर गुन्हा औषधांच्या कायद्याखाली होतो. गर्भलिंगनिदानाचा कायदा तिथे येतच नाही. (संबंधांनंतर 72 तासांत घ्यायची गर्भनिरोधक गोळी ही आणखी वेगळी चीज. तिने गर्भपात होत नाही.)

लिंग बघून केलेल्या गर्भपाताला एमटीपी कायद्याचं संरक्षण मिळत नाही, हे खरं. पण तपास व्हायला हवा तो लिंग कोणी सांगितलं याचा, म्हणजे सोनोग्राफीच्या खोलीत, गरोदर बाईच्या सोनोग्राफीसाठी भरायच्या एफ फॉर्मच्या नोंदींमध्ये.

आणि ‘स्त्रीभ्रूणहत्या’ हा शब्द मी वापरत नाही. पोस्टरवरची ती ‘हत्या’ वाचून सातव्या आठवड्यात डॉक्टरकडे निघालेली बाईसुद्धा स्वतःला गुन्हेगार समजते. ‘गर्भलिंगनिवड’ म्हणा, गुन्हा नेमका तोच आहे.