दहापैकी सहा, पुढे काय?

अपूर्णांकांची बेरीज शिकवायला घेतली की कुठल्याही वर्गात एक उत्तर हमखास येतं: १/२ + १/३ = २/५. अंशात अंश मिळवला, छेदात छेद. सदाशिव पेठेतली शाळा असो की हडपसरमधली, ही चूक सगळीकडे सारखीच भेटते, कारण ती वेंधळेपणाची नसते. मुलानं स्वतःच एक नियम बसवलेला असतो आणि तो इमानेइतबारे पाळलेला असतो.

आता वही तपासणाऱ्या बाई काय करतील? लाल फुली मारतील किंवा शेजारी ५/६ लिहून मोकळ्या होतील. दोन्हींत मुलाला करायला काही उरत नाही. त्याऐवजी त्यांनी लिहिलं, ‘अर्ध्या भाकरीत आणखी थोडी घातली. मग तुझं उत्तर अर्ध्यापेक्षा मोठं आहे का, बघ,’ तर त्याला आपलाच नियम तपासावा लागतो. २/५ म्हणजे अर्ध्याहूनही कमी, हे कळलं की नियम तिथेच डळमळतो.

पण शेरा मारला म्हणजे फायदा झालाच, असं नाही. अवराहम क्लुगर आणि अँजेलो डिनिसी या संशोधकांनी १९९६ मध्ये, केलेल्या कामावर मिळणाऱ्या अशा प्रतिसादांवरचे (फीडबॅक) ६०७ निष्कर्ष एकत्र तपासले. सरासरी परिणाम चांगलाच होता, पण एक तृतीयांशाहून अधिक ठिकाणी कामगिरी उलट घसरली होती. त्यांचं स्पष्टीकरण असं, की लक्ष कामावरून उडून स्वतःवर गेलं की प्रतिसादाचा जोर ओसरतो. ‘लक्ष कुठे असतं तुझं?’ यानं तसं होतं, हे पटकन पटतं. ‘किती हुशार आहेस गं!’ यानंही होतं, ते पटायला जड जातं.

रूथ बटलर यांचा १९८८ मधला इस्रायलमधला प्रयोग तर पुणेरी पालकांनी मुद्दाम वाचावा असा आहे. पाचवी-सहावीच्या काही मुलांना फक्त गुण दिले, काहींना फक्त शेरे, काहींना दोन्ही. फक्त शेरे मिळालेल्यांचं काम सुधारलं, गोडीही टिकली. दोन्ही मिळालेल्यांना शेऱ्यांचा काही लाभ झाला नाही. आकडा दिसला की शेरा कोण वाचतो? पालकसभेत आपणही आधी आकडाच शोधतो.

महाराष्ट्रात २०१० पासून पहिली ते आठवीला सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापन आलं आणि प्रगतिपुस्तकात वर्णनात्मक नोंदी आल्या. कल्पना उत्तम होती. पण शिक्षकांच्या व्हॉट्सअ‍ॅप गटांवर तयार नोंदींच्या पीडीएफ फिरू लागल्या. ‘उपक्रमात उत्साहाने सहभागी होतो’ हे वाक्य कुणालाही चिकटवता येतं. शिक्षकांना दोष देण्याआधी हिशेब करावा: पन्नास वह्या, वहीला तीन मिनिटं, म्हणजे एका विषयाचे अडीच तास.

शिवाय प्रत्येक वहीत लिहिण्याची गरजही नसते. निम्म्या वर्गानं २/५ लिहिलं असेल, तर ती वर्गानं बाईंना दिलेली बातमी आहे. पंचवीस शेरे लिहिण्यापेक्षा दुसऱ्या दिवशी फळ्यावर तेवढाच मुद्दा पुन्हा घ्यावा. हार्वर्डमधले भौतिकशास्त्राचे प्राध्यापक एरिक मझूर भर व्याख्यानात प्रश्न टाकून विद्यार्थ्यांची मतं घेतात, शेजाऱ्याशी चर्चा करायला लावतात आणि पुन्हा मतं घेतात. शाळेत अशी मतं घ्यायला एखादं यंत्र लागत नाही. पर्याय एक, दोन की तीन, ते प्रत्येकानं छातीपाशी बोटं धरून दाखवलं की पुरतं. शेजाऱ्याचं बघून बोटं बदलणारेही लगेच सापडतात.

तोंडी प्रश्नांत मात्र घाई नडते. शिक्षणसंशोधक मेरी बड रो यांनी अमेरिकेतल्या वर्गांत मोजलं, तर प्रश्न विचारून शिक्षक सरासरी सेकंदभरच थांबत होते. मग पुढच्या बाकावरचा हात, नाहीतर शिक्षकांचं स्वतःचंच उत्तर. तेच थांबणं तीन सेकंदांवर नेल्यावर उत्तरं लांबली, ‘माहीत नाही’ कमी झालं, एरवी गप्प बसणारी मुलंही बोलू लागली. शिक्षकांचे प्रश्न संख्येनं घटले, पण जास्त विचार करायला लावणारे झाले. आणि ज्यांना ‘कच्चा’ म्हणून सोडून दिलं होतं, त्यांच्याकडून शिक्षकांच्या अपेक्षाही वाढल्या.